लग्नाला सहा महिने झाले, बायको जवळ येऊ देत नाही, दुखतं म्हणते. मित्र ताकदीचं औषध घे म्हणतात. तिला मी आवडत नसेन का?

भाऊ, ते ताकदीचं औषध आधी उकिरड्यावर फेका. दुखतं तिला, औषध तुम्ही कशाला घेता? ती दुखतं म्हणते ना, मग दुखतं. एवढं कबूल करायला आमच्या घराला किती महिने लागले, म्हणून लिहायला बसले.

माझ्या मोठ्या जावेची पोरगी. आर्वीकडे दिली. दिवाळीला माहेरी आली ती परत जायचं नावच घेईना. सासरहून निरोप आला, "पोरीत खोट हाय." भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या बापानं, देवऋषी आणला, ताईत बांधला, लिंबू उतरवले. मी दवाखान्याचं काढलं तर म्हणाले, "ह्या का बायायनं बोलाच्या गोष्टी हायेत?" मग कोणी बोलायच्या? बाप्यांनी पानठेल्यावर?

कापूस वेचताना तिनं मला सांगितलं. ओटी भरलेली, मान खाली, हात चालूच. "काकू, ते जवळ आले का माह्यं अंग दगड होते. मी नाही करत, आपोआपच होते." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासरच्या बायकांनी चादर उलटून पाहिली होती, हेही तेव्हाच कळलं. पहिल्या वेळी रक्त सगळ्यांनाच येत नाही, पण हे त्या बायकांना कोण सांगणार!

भासऱ्यांना न विचारता मी तिला सेवाग्रामला नेलं. डॉक्टरबाईंनी हात लावायच्या आधी सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, भीतीनं योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात, ते तिच्या हातात नाही. जबरदस्ती केली की भीती आणखी पक्की होते. स्नायू सैल सोडायचा व्यायाम शिकवला, आणि तोवर संबंध बंद. जावयालाही बोलावलं. बिचारा बोटं मोडत बसला होता. वाईट नव्हता, सगळं मोबाइलवर पाहून शिकलेला. बाईचं अंग तयार व्हायला वेळ लागतो, हे त्यानं तिथंच पहिल्यांदा ऐकलं. आता नांदतात नीट. पोरं किती हे विचारू नका, तो हिशोब भासरे ठेवतात.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायका तपासल्या होत्या. 1989 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. बाकीच्या सोसत होत्या. हे मी भासऱ्यांना सांगितलं तर म्हणे, "ते जंगलातलं हाय, आपल्या इकडं तसं नाही." आपल्या इकडं तपासतंच कोण, भाऊजी? शाळेत पोरापोरींना हे शिकवायचं म्हटलं तेव्हाही पालकसभेतून उठून गेलेले पहिले तेच.

तर भाऊ, बायकोला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, आईला सोबत घेऊ नका. तपासायच्या खोलीत तुम्ही असावं की नाही, हे तिला ठरवू द्या. तोवर नुसतं जवळ बसा, बोला, ती थांब म्हणाली की थांबा.

एक राहिलंच. प्रत्येक दुखणं भीतीचंच नसतं. लघवीला जळजळ, घाण वास, ताप किंवा पाळी नसताना रक्त असेल तर त्याचा इलाज आधी. आणि आवडण्याचं म्हणाल, तर लग्नाआधी तिला कोणी विचारलं होतं का, हे तिलाच विचारा, सासऱ्याला नाही.