परदेशातील सर्व्हरवरचा पुरावा

प्रश्न : बनावट गुंतवणूक ॲपमधून माझ्या वडिलांची फसवणूक झाली. संबंधित खाती अमेरिकी कंपनीकडे असल्याने माहिती मिळण्यास वेळ लागेल, असे पोलीस सांगतात. देशादेशांत यासाठी करार नाहीत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : करार आहेत, पण त्यांची वाट लांबची आहे. भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर साहाय्य करार 2005 पासून लागू आहे. त्यानुसार विनंती केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत अमेरिकेच्या न्याय विभागाकडे जाते आणि संदेशांचा मजकूर हवा असल्यास तेथील न्यायालयाचे वॉरंट लागते. तोवर नोंदीच पुसल्या जाण्याची भीती असते. खरे दुखणे हेच आहे. म्हणूनच सायबर गुन्ह्यांविषयीच्या 2001 च्या बुडापेस्ट या आंतरराष्ट्रीय करारात नोंदी तातडीने जतन करण्याची आणि चोवीस तास संपर्क केंद्रांची तरतूद आहे. भारत मात्र त्यात सहभागी नाही, कारण मसुदा ठरवताना आपल्याला स्थान नव्हते आणि सीमापार माहिती मिळवण्याच्या कलमाबाबत सार्वभौमत्वाचा आक्षेप होता. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 2024 मध्ये स्वीकारलेल्या सायबर गुन्हेविरोधी करारातही अशा तरतुदी आहेत. मात्र तो लागू होण्यास 40 देशांचे अनुसमर्थन आवश्यक आहे. त्यातील व्यापक अधिकार पत्रकारांविरुद्ध वापरले जातील, ही मानवी हक्क संघटनांची चिंता मला रास्त वाटते.

1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार केली नसेल, तर आजच करा. रक्कम भारतीय खात्यांतून फिरत असतानाच ती अडवता येते. कंपनीला नोंदी जतन करण्याचे पत्र त्वरित पाठवावे, अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्यांना करा, तीत खात्याचा दुवा व संदेशांच्या तारखा-वेळा नमूद करा आणि वडिलांच्या फोनमधील चॅट डिलीट होऊ देऊ नका.