सुट्टी घेतली तर कमावलेले जाईल का?

प्रश्न : माझे वय ४१ आहे. गेले पाच महिने मी एकही खाडा न करता सकाळी पाऊण तास धावतो आणि संध्याकाळी व्यायामशाळेत वजने उचलतो. सुरुवातीला प्रगती चांगली होती. आता मात्र उचलायचे वजन वाढवता येत नाही, पाय जड वाटतात, रात्री झोपमोड होते आणि सकाळी उठल्याबरोबरची नाडी, जी पूर्वी ६२ असे, ती महिनाभर ७० च्या आसपास आहे. मेहनत कमी पडते असे समजून धावणे वाढवून पाहिले, पण उपयोग झाला नाही. एक दिवस सुट्टी घेतली तरी कमावलेले जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : रोज सकाळी नाडी मोजण्याची तुमची सवय फार उपयोगी पडली आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. नाडी एखाद्या दिवशी वाढली तर त्यामागे ताप, जागरण किंवा मनावरचा ताण असू शकतो. पण ती महिनाभर चढलेली राहते, जोडीला झोप बिघडते आणि कष्ट वाढवूनही ताकद वाढत नाही, तेव्हा शरीराची झीज भरून निघत नसल्याची शंका प्रथम घ्यावी लागते. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांतही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून डॉक्टरांकडून एकदा रक्ततपासणी करून घ्यावी.

व्यायामाच्या तासात स्नायू बळकट होत नाही. त्या वेळी तो थकतो, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंचे साखरेच्या रूपातले इंधन, खर्ची पडते. बळकटी येते ती नंतर. वजने उचलल्यावर स्नायूंतील प्रथिनांची जडणघडण साधारणपणे २४ ते ४८ तास वाढलेल्या गतीने चालू राहते आणि बराचसा रिता झालेला ग्लायकोजेनचा साठा, आहार पुरेसा असला तरी, भरून यायला सुमारे एक दिवस घेतो. तुम्ही मात्र सकाळी थकवलेल्या पायांवर संध्याकाळी पुन्हा भार टाकता आणि दुसऱ्या दिवशी तेच पाय घेऊन धावायला निघता. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा आणि हाडे तर स्नायूंपेक्षाही सावकाश जुळवून घेतात; त्यामुळे दम वाढला म्हणून अंतर वाढवत नेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ही कमाल मर्यादा नव्हे. पण तुमचे धावणेच, वाढवण्यापूर्वीसुद्धा, आठवड्याला ३१५ मिनिटे होते, हे ध्यानात घ्यावे.

आता तुमच्या भीतीविषयी. दम लक्षात येण्याइतका घटायला व्यायाम पूर्ण बंद करून सुमारे दोन आठवडे जावे लागतात आणि ताकद तर साधारणपणे तीन आठवडे टिकते. तेव्हा पहिला आठवडा वजने आणि धावणे दोन्ही थांबवून केवळ रमतगमत चालावे. मला विचाराल तर हा आठवडा तुम्हाला वजने उचलण्यापेक्षा अवघड जाईल. नाडी आणि झोप पूर्ववत झाली की आठवड्याला दोन दिवस मोकळे ठेवून हळूहळू पुन्हा सुरुवात करावी, एकाच स्नायूगटाच्या दोन जोरकस व्यायामांत ४८ तासांचे अंतर ठेवावे आणि पायांची वजने व लांब धावणे एका दिवशी घेऊ नये. संध्याकाळचा व्यायाम झोपेच्या किमान दोन तास आधी संपवावा, कारण वाढीचे संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातील गाढ झोपेत स्रवते आणि नेमकी ती झोप बिघडवून चालणार नाही.

प्रश्न : नवा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग फार ठणकते. साठलेले लॅक्टिक आम्ल निघून जावे म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम चालू ठेवावा का?

उत्तर : गोळी घेऊन व्यायाम रेटू नये. लॅक्टिक आम्लाचा समज जुना आहे. ते तासाभरात निवळते, त्यामुळे दोन दिवसांनी उठणारा ठणका त्याचा असू शकत नाही. उतारावर चालताना किंवा वजन सावकाश खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्या वेळच्या सूक्ष्म इजेमुळे ही वेदना होते आणि २४ ते ७२ तासांत ती सर्वाधिक जाणवते. हलके चालण्याने बरे वाटते. दुखऱ्या भागाला मात्र दोन दिवस भार देऊ नये. वेदना असह्य असेल, अवयव सुजला असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा होण्याची शक्यता असते. अशा वेळी न थांबता रुग्णालय गाठावे.