अर्धा गुण कुठे लपतो?

डायव्हिंगच्या गुणदानाबद्दल वाचकांनी विचारलेले तीन प्रश्न आज घेतो.

प्रश्न : पुण्यातल्या एका स्पर्धेत एका पंचांनी माझ्या मुलीला प्रत्येक डाइव्हला इतरांपेक्षा कमी गुण दिले. तिच्याच गटातल्या दुसऱ्या मुलीचे ते प्रशिक्षक आहेत. हा पक्षपात नाही का? (एक आई, कोथरूड)

असू शकेल, पण तेवढ्यावरून ठरत नाही. आधी गुणपत्रक मागून घ्या. त्या पंचांचा गुण आणि बाकीच्यांची सरासरी यांतला फरक गटातल्या प्रत्येक मुलीसाठी काढा. सगळ्यांनाच अर्धा गुण कमी असेल, तर पंच कडक आहेत एवढंच; त्याने क्रमांक सहसा बदलत नाहीत. तुमच्या मुलीला कमी आणि स्वतःच्या शिष्येला जास्त, असं दर वेळी दिसलं, तर आयोजकांना लेखी कळवा. सिडनी ऑलिंपिकमधले (२०००) दहा हजारांवर गुण संख्याशास्त्रज्ञांनी साधारण असेच पडताळले, तेव्हा पंचांचा कल आपल्या देशाच्या खेळाडूंकडे दिसला.

माझं म्हणाल तर, ज्याची शिष्या बोर्डवर उभी आहे त्याने त्या गटाला पंच म्हणून बसूच नये. आपल्याकडे डायव्हिंगची जाणकार माणसं मोजकी आहेत, मान्य. पण गटांची अदलाबदल तर करता येते.

प्रश्न : सात पंचांपैकी वरचे दोन आणि खालचे दोन गुण गाळतात. मग पक्षपात उरतो कुठे?

मोठा उरत नाही, छोटा उरतो. समजा गुण पडले ६, ६.५, ६.५, ७, ७, ७.५, ९. मधले तीन मिळून २०.५. त्या ९ च्या जागी ७ असता तरी बेरीज तीच.

आता हे बघा : ६.५, ६.५, ६.५, ७, ७, ७, ७.५. इथेही २०.५. पण यातला एक ७ खरा ६.५ च असेल, तर बेरीज २० व्हायला हवी होती. या बेरजेला डाइव्हच्या काठिण्याने, म्हणजे ती किती अवघड आहे त्याच्या ठरलेल्या आकड्याने गुणतात. काठिण्य ३.० असेल, तर तो अर्धा गुण दीड गुण होऊन बसतो आणि गाळणीत अडकत नाही. सिडनीतच पुरुषांच्या ३ मीटर स्प्रिंगबोर्डचं सुवर्ण चीनच्या शिओंग नीने अवघ्या ०.३० गुणाने जिंकलं होतं. म्हणून मला ढळढळीत ९ देणाऱ्यापेक्षा गुपचूप अर्धा सरकवणाऱ्याची जास्त काळजी वाटते.

प्रश्न : पाणी जराही उडालं नाही, तरी दहापैकी साडेसहाच?

पाण्यात शिरणं हा शेवटचा क्षण. पंचांना सुरुवातीची चाल, उडी, उंची आणि हवेतलं शरीर हे सगळं बघायचं असतं. गुडघे किंचित वाकलेले, पायांची बोटं न ताणलेली, दोन पावलांत चार बोटांचं अंतर : पाणी शांत राहिलं तरी हे सगळं घडून गेलेलं असतं. पुढच्या वेळी बोर्डच्या बाजूला, पंचांच्या रांगेजवळ बसून मोबाइलवर चित्रण करा आणि घरी ते हळू गतीने बघा. समोरच्या गॅलरीतून हे दिसत नाही.