मुलगा शिकायला गेला अन् बँडमध्ये वाजवायला लागला

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मुलगा इथे इंजिनियरिंग करून गेल्या वर्षी अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्सला मास्टर्स करायला गेला. लहानपणापासून तबला शिकलाय. आता तिथल्या पोरांच्या बँडमध्ये वाजवतो म्हणे, संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी क्लब. मार्क अजून तरी चांगले आहेत. पण त्याचे बाबा म्हणतात कर्ज काढून याला तबला बडवायला पाठवलं का? आणि ते स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतात हो! फोनवर हा विषय निघाला की बापलेक दोघं गप्प. हे गाव आहे तरी कसलं? मी काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, आधी गावाबद्दल सांगते, ते कळलं की अर्धं टेन्शन तिथेच उतरेल. अथेन्स म्हणजे कॉलेजचं गाव, तिथली युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया स्थापन झाली १७८५ मध्ये. पण जगाला ते माहीत झालं बँड्समुळे. १९७६ मध्ये बी-फिफ्टीटूज नावाचा बँड तिथे जमला आणि पहिल्यांदा वाजवला तो कुणाच्या तरी घरच्या पार्टीत. मग आर्ट शिकणाऱ्या पोरांचा पायलॉन नावाचा बँड आला, त्यांचा ड्रमर ज्या खोलीत प्रॅक्टिस करायचा तिथे म्हणे ४० वॉटचा एकच बल्ब, त्यावरून क्लबचं नावच पडलं फॉर्टी वॉट, जागा बऱ्याच बदलल्या पण क्लब आजही चालू आहे. आणि तिथलाच आर.ई.एम. बँड तर तुमच्या मुलाला पाठच असेल. गाणारा मायकल स्टाइप आर्टचा विद्यार्थी, गिटारवाला पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला, तिथेच दोघांची ओळख झाली, आणि ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला बँडमधले चौघं पहिल्यांदा वाजले. पुढे जगभर नाव झालं तरी गाण्यांचं श्रेय चौघांत सारखं वाटायचे, हे मला फार आवडतं.

म्हणजे तिथे क्लबमध्ये वाजवणं हे वाया गेल्याचं लक्षण नाहीये. बाहेरून आलेल्या पोराला ते गाव असंच आपलंसं करतं. नवख्या गावात परक्या मुलाला लोक कशावरून ओळखणार, त्याच्या असाइनमेंटवरून थोडीच!

आणि आपण बडोदेकरांनी याला नवल मानावं? १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली, घराण्याबाहेरच्या साध्या घरातल्या मुलांनाही गाणं शिकता यावं म्हणून, तीच पुढे बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत आली आणि आज सूरसागर तलावासमोर परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणून उभी आहे. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी भरवली ती बडोद्यातच. थोर गवई फैयाज खाँसाहेब इथल्याच दरबारचे. आणि मौलाबक्षांचा नातू इनायत खान, जन्म इथलाच, १९१० मध्ये भावांना घेऊन अमेरिकेला गेला, तिथे वीणा वाजवली, गायला. तेव्हा बडोद्यातून वाद्य घेऊन अमेरिकेत गेलेला तुमचा लेक काही पहिला नाही.

आता काळजीचं जे खरंच आहे ते. तो बहुतेक एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असेल. त्यावर परवानगीशिवाय कॉलेजबाहेर पैसे घेऊन काम करता येत नाही आणि क्लबमध्ये वाजवून पाकीट घेणं हेही कामच. बँडमधल्या बाकीच्यांना हा नियम लागू नसतो त्यामुळे त्यांच्या डोक्यातही येणार नाही. त्याला आजच सांगा, पैशाचा विषय निघायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला नीट विचारून घे, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नको. बाबांना ओरडायचंच असेल तर यावर ओरडू देत.

अजून एक, हे तुम्ही आई म्हणून जास्त समजाल. या गावात नूचीज स्पेस म्हणून एक जागा आहे. तिथल्याच युनिव्हर्सिटीत शिकणारा, बँडमध्ये वाजवणारा एक मुलगा १९९६ मध्ये डिप्रेशनमुळे गेला, आणि त्याच्या आईनं इतर वाजवणाऱ्या पोरांसाठी २००० मध्ये ही जागा सुरू केली. प्रॅक्टिसच्या खोल्या आहेत आणि बोलायला, काउन्सेलिंगला मदतही मिळते. तुमच्या मुलाला काही झालंय असं मी अजिबात म्हणत नाही. पण घरापासून एवढं लांब, वर कर्जाचं ओझं, त्यात बाबांशी अबोला... त्याला ही जागा माहीत आहे का एवढं सहज विचारून ठेवा.

राहिला अबोला. अभ्यासाचं विचारू नका, मार्क तर चांगले आहेत म्हणता. तबल्याचं विचारा, आणि खरं तर ते बाबांनीच विचारायला हवं कारण त्यांना ते कळतं. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, एका सुराला लावलेला असतो आणि बँडची गाणी तर दर गाण्याला पट्टी बदलतात, मग हा करतो काय? दोन-तीन दायाँ घेऊन जातो की दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावायला हातोडीनं गजरा, म्हणजे तबल्याची चामड्याची कड, ठोकत बसतो? शेजारी ड्रम्स चालू असताना सूर ऐकू तरी येतो का? आणि तिथल्या थंडीत, हीटरच्या कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सुरात चढते, सारखी उतरवावी लागते, त्याचं काय? पेटीवाल्या माणसाला यातलं एक कारण पुरे आहे फोन हातात घ्यायला. पुढच्या रविवारी फोन लागला की तुम्ही मुद्दाम स्वयंपाकघरात जा आणि बाबांना म्हणा, विचारा त्याला, काळी एकचा दायाँ तिथे चालतो का म्हणून.