भंगारातला रेडिओ आणि दहावीचं वर्ष

प्रश्न : आम्ही तासगावचे. मुलगा दहावीत आहे. दोन वर्षांपासून भंगारवाल्याकडून जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर उचलून आणतो. सासऱ्यांचा मर्फी कित्येक वर्षं बंद होता, लावला की नुसता घूं-घूं करायचा. यानं 'फिल्टरचे कंडेन्सर सुकलेत' म्हणत ते बदलले आणि रेडिओ बोलायला लागला. आता टीव्हीला जोडायचा एक जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर आणलाय, रात्री एकपर्यंत त्यातच असतो. सहामाहीला बीजगणितात ४० पैकी १७. नातेवाईक 'भंगारवाला' म्हणून हसतात. हे म्हणतात, सगळं उचलून बाहेर टाकतो. या नादातून पुढे काही होईल का?

उत्तर : ताई, आधी एवढंच करा, ते सामान बाहेर टाकू देऊ नका. आणि हे उत्तर मुलाच्या वडिलांनाही वाचायला द्या.

तुम्ही कंडेन्सरचं वाक्य सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबलो. तुमचा मुलगा नुसत्या घूं-घूं आवाजावरून, हे कंडेन्सर जिथे बसतात त्या पॉवर सप्लायपर्यंत पोचला. मी बरीच वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं. बिघडलेला सेट पुढे ठेवून 'दोष कुठाय ते सांग' म्हटलं, की उत्तम मार्कांची मुलंही दिसेल तो पार्ट बदलायला निघायची. लक्षणावरून मूळ शोधणं हातानं करून करूनच येतं, आणि याला ते पंधराव्या वर्षी यायला लागलंय.

या कामाला गिऱ्हाईक कुठे आहे? जुने रेडिओ दुरुस्त करून विकण्यावर घर चालेल असं मी सांगणार नाही. मर्फी, बुश, फिलिप्सचे शौकीन आहेत, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात ते भेटतात, पण तेवढ्यावर महिना निघत नाही. खरं काम एमआयडीसीत आहे. कुपवाड असो, शिरोली असो की चाकण, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारी मशिनं अजून जॉब काढताना दिसतात. मशिन ठणठणीत असतं, पण त्याच्या कंट्रोलचा बोर्ड आता बनत नाही. बोर्ड गेला की शिफ्ट बंद. अशा वेळी फुगलेला कंडेन्सर ओळखणारा, बोर्डावरच्या, गळक्या बॅटरीनं खाल्लेल्या तांब्याच्या ट्रॅकवर बारीक तार टाकणारा, फ्लॉपी ड्राइव्ह काढून तिथे पेनड्राइव्हवर चालणारं एम्युलेटर, म्हणजे फ्लॉपीचं सोंग घेणारं यंत्र बसवणारा माणूस शोधत मालक फिरत असतात. दवाखान्यांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या जुन्या उपकरणांचंही तेच.

स्पेक्ट्रम बघून घाबरू नका. १९८२ चं हे यंत्र, मोठ्या मॉडेलची मेमरीही ४८ किलोबाइट, आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावत नाही. पण म्हणूनच ते पूर्ण समजून घेता येतं. कुठली तार प्रोसेसरमधून निघून मेमरीच्या कुठल्या पायाला जाते, हे मल्टिमीटरची पिन टेकवून त्याला शोधता येतं. आतला झेड८० प्रोसेसर १९७६ चा. कंपनीनं २०२४ मध्ये मूळ चिपच्या ऑर्डरी घेणं थांबवलं, तोवर ती विकली जात होती. आपल्याकडे डिप्लोमाला वर्षानुवर्षं शिकवला गेलेला ८०८५ तिचाच भाऊबंद.

आता बीजगणित. इथे मी मुलाच्या बाजूनं बोलणार नाही, १७ मार्क चालणार नाहीत. त्याला हे वाचून दाखवा : मर्फीवरचा मीडियम वेव्हचा काटा साधारण ५३० किलोहर्ट्झपासून १६०० पर्यंत जातो, म्हणजे तिप्पट. त्यासाठी गँग कंडेन्सरनं, म्हणजे काट्याबरोबर फिरणाऱ्या कंडेन्सरनं, सर्किटची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) साधारण नऊपट बदलावी लागते. तिपटीला नऊपट का? उत्तर वर्गमुळात आहे. ते त्यानं वहीत सोडवून दाखवावं. ज्याला हे स्वतःच्या रेडिओवर पटेल त्याला बीजगणित परकं राहणार नाही, असा माझा अनुभव आहे.

परीक्षेपर्यंत सोल्डरिंग फक्त रविवारी, आणि रात्री दहानंतर टेबलावर काही नाही. हे वडिलांनी रागानं नाही, ठरवून करावं.

दहावीनंतर माझा कौल तीन वर्षांच्या डिप्लोमाला, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला. मिरज आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, कुठल्या शाखेच्या जागा कुठे आहेत ते प्रवेशाच्या वेळी पाहा. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, म्हणून तर गणिताचा आग्रह. पुढे पदवी करावीशी वाटली तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मार्क कमी पडले तर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिथूनही डिप्लोमाची वाट निघते. अकरावी सायन्स आणि क्लासची दोन वर्षं मी याला सुचवणार नाही, त्यात याचा हात नुसता बसून राहील. मे महिन्यात हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या परवान्याची तयारी मात्र जरूर करू दे, वयाची अट बारा वर्षांची आहे.

एका बाबतीत मी कडक आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशेच्या वर व्होल्ट खेळत असतात, आणि काही जुन्या एसी-डीसी सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते. ती नुसती हाताला लागली तरी जिवावर बेतू शकतं. जुना सेट पहिल्यांदा लावताना साठ वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढायचं. घराच्या मीटरपाशी करंटची गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. घरात कुणी नसताना सेट उघडायचा नाही. आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजिबात नाही, तो बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो.

आणखी एक. प्रत्येक दुरुस्तीची वही करायला सांगा : सेट कुठला, लक्षण काय, कुठे किती व्होल्ट मिळाले, काय बदललं. मुलाखतीला ही वही घेऊन जाता येते. मर्फीचं पान त्यानं लिहिलं की फोटो काढून मला पाठवा, कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचे घातले ते मला बघायचंय.