मासळीच्या रसाचे रोमन कुंभ: वाचकांचे प्रश्न

मासळी मिठात घालून उन्हात महिनोन्‌महिने मुरवली की जो पातळ रस सुटतो, तो गारूम. रोमन स्वयंपाकात तो जिथेतिथे पडायचा. जहाजांतून त्याची ने-आण अँफोरांतून, म्हणजे दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांतून होई. या वेळचे प्रश्न त्या कुंभांबद्दल.

मातीचं भांडं पाझरत नसे का?

पाझरणारच, माठ पाझरतो तसं. म्हणून आतून पाइनच्या राळेचा हात दिलेला असे. तोंडावर बूच किंवा खापराची चकती बसवून कडा चुन्याने लिंपत. टोकदार बुडाला हसू नका. ओतताना ती तिसरी मूठ होते आणि जहाजाच्या पोटात वरच्या थराची टोकं खालच्या थराच्या खांद्यांमधे रुततात.

आत दारू नव्हे, मासळीच होती हे कशावरून?

आधी घडणीवरून. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे कुंभ रुंद तोंडाचे, खाली सुटलेल्या पोटाचे. दारूचे बहुधा निमुळत्या गळ्याचे. दुसरं म्हणजे मानेवर शाईने लिहिलेला मजकूर: माल कुठला, किती मुरलेला, व्यापारी कोण. इटलीतल्या पाँपेई या रोमन शहरातला गारूमवाला स्कॉरस तर याच्याही पुढचा. त्याने घरातल्या फरशीच्या चार कोपऱ्यांत आपले एका कानाचे चंबू मोझेइकमधे, म्हणजे दगडी तुकड्यांच्या नक्षीत, काढून घेतले. एकावर मजकूर आहे, ‘स्कॉरसच्या कारखान्यातलं, स्कॉम्बरचं अव्वल गारूम’. स्कॉम्बर म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. दुकानाची पाटी थेट दिवाणखान्यात! तिसरा पुरावा काट्यांचा. स्पेनजवळ बुडालेल्या बू-फेरेर जहाजातल्या कुंभांत मांदेलीच्या कुळातल्या माशांचे काटे मिळाले.

गारूम महाग होतं का?

रोमन लेखक प्लिनी लिहितो की उंची गारूमच्या दोन कोंगियसना, म्हणजे साधारण साडेसहा लिटरला, हजारेक सेस्टर्स (रोमन नाणी) पडत. त्या काळी साध्या रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स. गरिबांसाठी तळाचा गाळ होता, त्याला आलेक म्हणत. मला विचाराल तर भाकरीशी तोच बरा लागला असता.

आमच्या खाडीत आतून काळा थर असलेलं खापर सापडलंय. रोमन असेल?

घाई नको. रोमन माल भारतात आला हे खरंच. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला १९४५ साली पुरातत्त्वज्ञ व्हीलरने उत्खनन केलं. तिथे दारूच्या कुंभांबरोबर गारूमच्या कुंभांचेही तुकडे निघाले. पण पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी ‘रोमन’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं पुढे मेसोपोटेमियाकडच्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची ठरली. त्यांच्या आत राळ नव्हे, डांबर असतं, आणि या रांजणांना कान नसतात. तेव्हा आधी कानाचा तुकडा शोधा. थर मात्र खरवडू नका, तपासणी त्याचीच होते. जागेचा फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवा.