वाचकांचे प्रश्न : आयरिश आडनावांतले ‘ओ’ आणि ‘मॅक’

प्रश्न : ओब्रायन, ओकॉनर या नावांतला ‘ओ’ म्हणजे इंग्रजीतला ‘ऑफ’ का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. जुन्या आयरिशमध्ये ‘उआ’ म्हणजे नातू. त्याचाच पुढे ‘ओ’ झाला आणि अर्थ ‘वंशज’ इतका सैल झाला. आयरिश लिहिताना या ओवर तिरकी रेघ देतात, ती दीर्घ स्वराची खूण. इंग्रजी लिखाणात रेघ गेली, ओनंतर लोंबता स्वल्पविराम आला आणि मधलं काहीतरी गाळलंय असा समज झाला. गाळलेलं काहीच नाही.

ओब्रायन घराणं राजा ब्रायन बोरूचं. तो १०१४ साली डब्लिनजवळ क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. आडनाव त्याच्या नातवंडांपासून चाललं, म्हणजे इथे ‘नातू’ शब्दशः खरा.

खरी गंमत बायकांच्या नावांत आहे. आयरिशमध्ये लिहिताना बाप ‘ओ ब्रीअन’, मुलगी ‘नी व्रीअन’ आणि बायको ‘बॅन ई व्रीअन’. ‘ब’चा ‘व’ होतो तो व्याकरणाच्या नियमाने, लिहिणाऱ्याच्या चुकीने नव्हे. मॅकवाल्यांकडे मुलीला ‘निक’, बायकोला ‘विक’. आपल्याकडे जोशांच्या घरातली ती जोशीणबाई, पण बोलण्यापुरतीच. तिथे हा फरक कागदावर उतरतो. तो ठाऊक नसला तर सख्खी भावंडं दोन वेगळ्या घरांतली वाटतात.

प्रश्न : ‘एम-सी’ लिहिलं तर आयरिश आणि पूर्ण ‘मॅक’ लिहिलं तर स्कॉटिश, हे बरोबर का?

उत्तर : साफ चूक. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘एम-सी’ हा त्याचाच संक्षेप, आणि दोन्ही रूपं दोन्ही देशांत सापडतात. मुंबईचं रे रोड स्टेशन ज्यांच्या नावाचं, ते गव्हर्नर लॉर्ड रे आडनावाने मॅकाय, म्हणजे ‘ईचा मुलगा’. ‘ई’ हे ‘आओध’ या जुन्या नावाचं षष्ठीचं रूप. ‘रे’ ही त्यांची पदवी, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या गावावरून आलेली.

प्रश्न : डब्लिनमधल्या आमच्या सुनेचं माहेरचं नाव स्मिथ. म्हणजे घराणं मुळात इंग्रज?

उत्तर : असेलच असं नाही. १४६५ च्या कायद्याने डब्लिनच्या आसपासच्या आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घ्यायला फर्मावलं होतं : गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. धंद्यांच्या उदाहरणांत ‘स्मिथ’ नावानिशी आहे. पुढच्या शतकांतही भाषांतर चालूच राहिलं. कॅव्हन परगण्यातले कितीतरी ‘मॅक गाउन’, म्हणजे लोहाराचे मुलगे, असेच स्मिथ झाले. त्याच नावाचं नुसतं कानावरून इंग्रजी केलं की मॅकगोवन.

शोध घ्यायचा तर आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १९०१ आणि १९११ ची जनगणना फुकट पाहता येते. स्मिथ, स्मायथ, मॅकगोवन, ओगोवन असे चारही शोध वेगवेगळे करा. अर्ज आयरिशमध्ये भरलेला असेल तर नाव आयरिश रूपातच सापडेल. धर्माचा रकाना कॅथलिक दिसला तर मूळ आयरिश असण्याची शक्यता वाढते, पण तो पुरावा नव्हे. त्यामागची १८२१ ते १८५१ ची जनगणना १९२२ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. म्हणून १८४७ ते १८६४ च्या ग्रिफिथ मूल्यांकनाकडे, म्हणजे करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या नोंदीकडे, वळावं लागतं. त्यात जमीन-घर कसणाऱ्या-राखणाऱ्याचं आणि ते त्याला भाड्याने देणाऱ्याचं नाव असतं, बायकापोरं नाहीत. त्यामुळे आधी सुनेच्या माहेरच्यांकडून वाडीचं किंवा पॅरिशचं (चर्चच्या हद्दीचं) नाव काढून घ्या. नुसत्या ‘स्मिथ’वर हजारो नोंदी अंगावर येतील.